माशांचे पर पुन्हा पुन्हा झडतात? औषधाची बाटली उघडण्याआधी हे तपासा

'ताई, मागच्या महिन्यात निळं औषध घातलं तेव्हा बरा झाला होता. परत तेच सुरू झालंय.' असा मेसेज येतो, सोबत एक फोटो. फायटर, गोल्डफिश नाहीतर एंजल, आणि शेपटीची कड पदराच्या दशा सुटाव्यात तशी सुटलेली.

डोंबिवलीत घरी मासे ठेवायला लागून मला १४ वर्षं झाली. सोसायटीतल्या, नात्यातल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या कितीतरी टाक्यांमध्ये मी हाच त्रास निस्तरला आहे. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: पर झडणं हा बहुतेक वेळा पराचा आजार नसतोच. बिघडलेलं असतं पाणी, आणि ते आधी परावर दिसतं. पाणी तसंच ठेवून मासा बरा केला तर महिन्याभरात तो पुन्हा तिथेच येतो.

आधी काय दिसतंय ते बघा

माशाचा पर छत्रीसारखा असतो. आत काड्या आणि काड्यांवर ताणलेलं पातळ कापड. झीज सुरू झाली की आधी कापड जातं आणि काड्या उघड्या पडतात. ज्याला दुकानदार 'फिन रॉट' म्हणतात त्यात कडेला आधी दुधी किंवा काळपट रेघ येते, मग कड विरते, काड्यांची टोकं तुटतात, आणि हे रोज थोडं थोडं अंगाच्या दिशेने सरकतं. मासा बऱ्याचदा पर अंगाशी मिटून एका कोपऱ्यात थांबतो.

रात्री शेपटी धड होती आणि सकाळी मधूनच अर्धगोल तुकडा नाहीसा झाला, कड मात्र स्वच्छ, तर तो आजार नव्हे, चावा आहे. शेजारच्या माशाचा, किंवा फायटर असेल तर त्याचा स्वतःचाच. लांब शेपटीचे हाफमून फायटर स्वतःची शेपटी चावतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. एकच पर उभा फाटला असेल, बाकी सगळं ठणठणीत असेल, तर तो कुठेतरी अडकून फाटलाय. परांत लाल रेषा उमटल्या असतील तर पाण्याकडे संशयाने बघा. परांच्या मुळाशी किंवा पोटावरही लाली असेल तर संसर्ग रक्तात गेलेला असू शकतो.

काही गोष्टी आजारासारख्या दिसतात पण नसतात. नवीन येणारा पर आधी रंगहीन, काचेसारखा असतो. जुन्या रंगीत भागाच्या पुढे ही पारदर्शक पट्टी पाहून लोक 'कड पांढरी पडली' म्हणून घाबरतात आणि बऱ्या होत असलेल्या माशाला पुन्हा औषधात टाकतात. टॉर्च बाजूने धरा. पट्टी सलग आणि गुळगुळीत असेल, तिच्यात बारीक काड्या दिसत असतील, तर ती वाढ आहे. गोल्डफिशमध्ये अमोनियाचा त्रास होऊन गेल्यावर कडा काळ्या पडतात, तेही पुष्कळदा भरून येण्याचंच लक्षण असतं.

एक लक्षण मात्र वेगळं काढून सांगते. तोंडाभोवती किंवा परांवर कापसासारखा राखाडी-पांढरा थर, पाठीवर खोगीर टाकल्यासारखा फिकट पट्टा, आणि हे सगळं एका-दोन दिवसांत वाढलेलं, तर तो कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा आजार असू शकतो. त्याच्या जोरदार प्रकारात मासा एक-दोन दिवसांत जातो. तिथे खालच्या सगळ्या पायऱ्या चढत बसू नका. मासा लगेच वेगळा करा, त्याच्या पाण्याचं तापमान वाढवू नका (उष्ण पाण्यात हा आजार वेगाने पसरतो), आणि थेट शेवटच्या भागात सांगितलंय तिकडे वळा.

नुसतं बसून बघा

खर्च शून्य. टाकीसमोर १५ मिनिटं हालचाल न करता बसा. तुम्ही जवळ गेलात की मासे खाण्याच्या आशेने पुढे येतात आणि भांडणं थांबतात, म्हणून जरा लांबून. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा यांना दुसऱ्याचे लांब पर कुरतडायची खोड असते. फायटर, एंजल, गप्पी यांच्याबरोबर त्यांना ठेवणं म्हणजे रोजची मारामारी. टायगर बार्ब दोन-तीनच असतील तर जास्तच छळतात, सात-आठ असले की बहुतेक आपापसांत गुंततात.

मग दिवा बंद झाल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन पुन्हा बघा. 'काच साफ करतो' म्हणून आणलेला सकर मासा रात्री गोल्डफिशच्या किंवा एंजलच्या अंगाला चिकटून त्याच्यावरचा चिकट थर खाताना मी स्वतः पाहिलाय. तो थर म्हणजे माशाचं संरक्षण. तो गेला की जखमेला दार उघडं. चावरा मासा सापडला तर तो दुसरीकडे हलवा. दोघांच्या मध्ये औषध घालून काही होत नाही.

जुना मोजा फिरवा

नायलॉनचा जुना पायमोजा ओला करून हातात घाला आणि टाकीतल्या प्रत्येक वस्तूवरून फिरवा: प्लास्टिकची झाडं, किल्ला, लाकूड, फिल्टरच्या जाळीची कड. जिथे मोजा अडकेल तिथे पर अडकतो. ती वस्तू काढा किंवा कड घासून घ्या. फिल्टरच्या तोंडाला शेपटी ओढली जात असेल तर त्यावर स्पंजचा तुकडा चढवा. एवढंच.

नळाचं पाणी

पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त जाणवतो, तुम्हीही अनुभवलं असेल. क्लोरीन कल्ले आणि परांची कातडी जाळतं, शिवाय फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं. नळाचं पाणी थेट टाकीत ओतत असाल तर आजपासून बंद. उघड्या बादलीत २४ तास ठेवा, त्यात एअर स्टोन (पंपाला जोडलेला, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर क्लोरीन लवकर उडतं. घाई असेल तर क्लोरीन मारायचे थेंब बाटलीवरच्या मापाने घाला.

बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्याचा प्रश्न वेगळा असतो. त्यात क्लोरीन कमी, पण क्षार जास्त आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) चढा असू शकतो. सोसायटीची सिमेंटची टाकी नवी असेल किंवा तिला नुकताच गिलावा केला असेल तरी पीएच चढतो. याचा परांशी संबंध काय, ते किटच्या भागात येईल.

रविवारची टाकी धुलाई

पुन्हा पुन्हा येणाऱ्या फिन रॉटचं मला सर्वाधिक वेळा सापडलेलं कारण हे आहे, आणि सांगताना मला नेहमी जड जातं. कारण ही चूक निष्काळजी माणूस करत नाही, जीव लावणारा माणूस करतो.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे दोन फुटी टाकीत तीन गोल्डफिश होते. सहा महिन्यांत तीनदा शेपट्या झिजल्या, तीन बाटल्या संपल्या. एका रविवारी सकाळी मी वर गेले तर काका बाथरूममध्ये पाटावर बसलेले. मासे बादलीत. टाकी आडवी करून घासलेली. खडे चाळणीत घालून नळाखाली. आणि हातात फिल्टरचा स्पंज. तो त्यांनी पिळून पिळून इतका धुतला होता की दुकानातून आणला तेव्हाही एवढा स्वच्छ नसेल. मला दाखवून म्हणाले, 'बघ, एक कण ठेवला नाही.' दर रविवारी दोन तास ते हे करत होते, गुडघे दुखत असताना.

त्या स्पंजवरचा तपकिरी गाळ नुसती घाण नसते. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. स्पंजवर, खड्यांवर, काचेवर राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, पृष्ठभागांना धरून असतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. काका दर सात दिवसांनी ती नळाच्या क्लोरीनने पुसून टाकत होते. टाकी आरशासारखी दिसायची आणि मासे अमोनियात पोहायचे.

परांचं कापड पातळ, म्हणून भाजतं तेच आधी. एरोमोनास, स्युडोमोनास यांसारखे जिवाणू प्रत्येक टाकीत असतातच. धडधाकट माशाला ते काही करत नाहीत, भाजलेल्या कडेतून आत शिरतात. मग निळं औषध घातलं की बरं का वाटायचं? कारण औषध घालताना काका पाणीही बदलायचे. गुण ताज्या पाण्याचा, नाव औषधाचं.

हे असं करा: आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी काढा, त्याहून जास्त नको. काढलेलं पाणी बादलीत घ्या आणि त्याच पाण्यात स्पंज दोन-तीनदा दाबा. तपकिरी रंग उरला तर उरू द्या. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. खड्यांतली घाण नळीने ओढून घ्या, एका आठवड्यात अर्धा भाग. टाकीच्या तळातून सगळे खडे काढून धुण्याची गरज नाही. काकांनी हे सुरू केलं तेव्हा पहिले दोन रविवार त्यांना फार चुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात शेपटीच्या कडेला काचेसारखी पट्टी दिसायला लागली. पुढे एक गोल्डफिश त्यांनी भाच्याकडे मोठ्या टाकीत दिला, कारण दोन फुटीत तीन गोल्डफिश ही गर्दीच होती.

याच्याच जोडीला दोन गोष्टी. वीज बराच वेळ गेली की बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू हवेविना मरतात आणि आत पाणी सडतं. वीज आल्यावर तो डबा तसाच सुरू करू नका. स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून, आतलं पाणी फेकून मग लावा. दुसरी गोष्ट गणपतीची. आपल्यातली अर्धी माणसं कोकणात जातात आणि शेजाऱ्याला खाण्याचा डबा देऊन जातात. शेजारी प्रेमाने मूठभर टाकतो. परत आल्यावर पाणी गढूळ, पर झिजलेले. मोठा, निरोगी मासा पाच-सहा दिवस उपाशी राहू शकतो. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर एकेका वेळचं खाणं कागदाच्या पुडीत बांधून द्या आणि डबा लपवून ठेवा. एरवीही दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला.

आता पैसे खर्च करा: टेस्ट किट

औषधाच्या दोन बाटल्यांऐवजी एक थेंबांचं किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच, या चार गोष्टी हव्यात. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आत. अमोनिया ०.२५ दिसला तरी 'थोडंसंच तर आहे' म्हणू नका, कारण किती घातक ते पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळपास दहापट. बोअरवेलवरच्या टाक्यांमध्ये तोच आकडा जास्त का छळतो, ते यावरून कळेल.

पाणी बदलण्याआधी तपासा. बदलल्यावर तपासलेलं पाणी खोटा दिलासा देतं. आकडे तारखेसह लिहून ठेवा, पुढे लागतील.

तापमानासाठी साधा थर्मामीटर पुरतो. फायटर आणि एंजलला २५ ते २८ अंश लागतात. पुणे-नाशिकच्या थंडीत हीटर नसलेली टाकी रात्री २० च्या खाली जाते, आणि गारठलेल्या माशाची जखम भरत नाही. गोल्डफिशला उलट थंडावा मानवतो, त्याला हीटर नको. फायटर काचेच्या छोट्या बाऊलमध्ये असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही त्रास परत येईल. निदान १५-२० लिटर पाणी आणि एक स्पंज फिल्टर द्या.

उपचार, आणि त्यांचा क्रम

कारण सापडलं की पहिला आठवडा फक्त पाणी. दर एक दिवसाआड २५ टक्के, त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं. सौम्य झीज यातच थांबते.

थांबली नाही तर मीठ. टाकीचं पाणी मोजा: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागा. ६०×३०×३० म्हणजे ५४ लिटर, खडे आणि वरची रिकामी जागा सोडून साधारण ४५. लिटरला १ ग्रॅम या हिशोबाने ४५ ग्रॅम खडेमीठ, काट्यावर तोलून, वेगळ्या पाण्यात विरघळवून, दिवसभरात तीन भागांत घाला. फरक नसेल तर दोन दिवसांनी आणखी तेवढंच. ३ ग्रॅमच्या वर घरच्या घरी जाऊ नका. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पाणी बदलताना फक्त काढलेल्या पाण्यापुरतं मीठ घाला. नायट्राइट दिसत असेल तर मिठाचा दुहेरी उपयोग होतो, कारण त्यातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत जाणं बरंच अडवतं. टाकीत झाडं किंवा कोरी, लोच असे तळाशी राहणारे मासे असतील तर मीठ टाकीत नको. आजारी माशाला साबण न लागलेल्या वेगळ्या बादलीत घ्या, एअर स्टोन लावा आणि रोज अर्धं पाणी बदला. बादलीत ते जिवाणू नसतात, म्हणून रोजचं बदलणं चुकवायचं नाही.

मिथिलीन ब्लू, म्हणजे ते निळं औषध, फक्त त्या बादलीतच. मुख्य टाकीत घातलं तर फिल्टरमधल्या जिवाणूंना मारतं आणि सिलिकॉन कायमचं निळं करतं. जखमेवर बुरशी चढली असेल तर ते कामाला येतं, नुसत्या फिन रॉटच्या जिवाणूंवर त्याचा भरवसा कमी.

देशी बदामाची वाळून गळलेली तपकिरी पानं फायटरच्या टाकीत मी आवर्जून घालते. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेली घेऊ नका, धुऊन घ्या, १५-२० लिटरला एक पान. पाणी चहासारखं होईल, ते तसंच असतं. याला मी औषध म्हणणार नाही, पण मासा शांत राहतो.

मेडिकलमधून टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची कॅप्सूल आणून टाकीत फोडू नका. हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या औषधाला बांधून टाकतं, माशाच्या अंगात ते फारसं जातच नाही. फिल्टरमधले जिवाणू मरतात, अमोनिया चढतो, आणि अर्धवट मात्रेत जगलेले रोगजंतू पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाहीत.

कुठे थांबायचं

पाण्याचे आकडे सात दिवस सलग चांगले आहेत आणि झीज तरीही सरकतेय, तर घरचे उपाय बंद करा. झीज पराच्या मुळापर्यंत पोहोचत असेल तर सात दिवसही थांबू नका, कारण मूळ गेलं की तो पर पुन्हा येत नाही. मुळापासून वर काही उरलं असेल तर महिना-दोन महिन्यांत भरून येतो. पोट फुगून खवले उभे राहिले, मासा खाणं सोडून कलंडला, एकाच आठवड्यात दोन-तीन मासे तसेच झाले, किंवा वर सांगितलेला कापसाचा थर दिसला, तर घरचा उपाय संपला.

जनावरांचा प्रत्येक डॉक्टर मासे बघत नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरी, उदगीर आणि नागपूरची मत्स्य महाविद्यालयं इथे या विषयातली माणसं आहेत. तुमच्या भागात मासे बघणारा डॉक्टर कोण, हे तरी तिथून कळू शकतं. प्रतिजैविक लागणार असेल तर कोणतं, किती आणि किती दिवस, हे त्यांनीच ठरवायचं.

तुमच्या स्वतःच्या हाताबद्दलही. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नका. माशांमधला मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू त्यातून माणसाच्या कातडीत शिरतो. बोटावर किंवा मनगटावर न भरणारी गाठ आली तर त्वचेच्या डॉक्टरांना घरी फिशटँक आहे हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, नाहीतर निदानाला महिने जातात.

डॉक्टरांकडे जाताना तारखेसह आकड्यांची वही, पहिल्या दिवसापासूनचे फोटो आणि आतापर्यंत घातलेल्या प्रत्येक औषधाची बाटली न्या. पाण्याचा नमुना टाकीतून स्वच्छ बाटलीत वेगळा भरून घ्या. माशाच्या पिशवीतलं पाणी तपासायला देऊ नका, प्रवासात त्यात माशाचाच अमोनिया साठलेला असतो.